सेवाभावी नेतृत्व की सेवकवृत्तीचं नेतृत्व?

धरमपेठकर: अमेरिकन व्यवस्थापन विचारवंत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 मध्ये मांडलेल्या 'सर्व्हंट लीडरशिप'ला, म्हणजे आधी सेवक आणि मग नेता या कल्पनेला, मराठीत काय म्हणावं? राजकीय नेत्यांवरच्या लेखात 'सेवाभावी नेतृत्व' लिहिलंय, पण खटकतंय.

महालकर: खटकायलाच हवं. 'सेवाभावी' संस्थेला किंवा डॉक्टरला शोभतं, त्यात मोबदल्याची अपेक्षा नसल्याची छटा आहे. आमदाराला वेतन असतं आणि अधिकारही. 'लोकसेवक' तर कायद्याचा शब्द. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात (1984) सर्वोच्च न्यायालयाने आमदार हा दंड संहितेच्या कलम 21 खाली लोकसेवक नाही, असं ठरवलं. माजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या खटल्यात (1998) मात्र 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरते खासदार लोकसेवक ठरले. 'सेवकवृत्तीचं नेतृत्व' लिहा. सोबतचं क्रियापदही तपासा. सेवक सेवा 'करतो'. 'देतो' म्हटलं की देणाऱ्याचा हात वर जातो, 'पुरवतो' म्हटलं की कंत्राटदार डोळ्यांपुढे येतो.

इतवारीकर: 'लोकसेवक' सरसकट टाळू नका. 29 जानेवारी 1948 च्या मसुद्यात गांधीजींनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ करायला सुचवलं, तिथे अर्थ वृत्तीचाच आहे. नुसता 'सेवक' मात्र आपल्याकडे हुद्दा होऊन बसलाय. शिक्षणसेवक म्हणजे मानधनावरचा नवा शिक्षक. 'ग्रामसेवक' 2024 मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. 'नगरसेवक' तेवढा टिकला, आणि तो टिकावा असं मला मनापासून वाटतं.

धरमपेठकर: परिस्थिती बदलली तर शब्द बदलावा का?

महालकर: नेतृत्वाचं नाव तेच ठेवा, कामाचं बदला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. अशा वेळी 'धावून जाणे'. एरवी गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) तुंबली, की तक्रार क्रमांक घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात दर आठवड्याला विचारणं, हा 'पाठपुरावा'. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, म्हणून त्या पुराच्या वेळी नागपुरात निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. तेव्हा मदतीला आलेल्यांना 'माजी नगरसेवक' लिहा, 'माजी' गाळू नका. सेवकवृत्तीला पद लागत नाही, हे त्या एका शब्दानेच वाचकाला कळतं.

इतवारीकर: आणि 'पूरग्रस्तांची सेवा केली' एवढ्यावर थांबू नका. 'घरातला गाळ उपसला', 'पंचनाम्याला तलाठ्यासोबत फिरले' असं लिहा.