मोटर बदलली, मांडणी तीच

"एआय आलं तरी उत्पादकतेच्या आकड्यांत काही दिसत नाही, म्हणजे सगळा फुगा" हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. संगणक उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत, असं अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येही म्हटलं होतं.

विजेचंच बघा. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता खरी उसळली १९२० च्या दशकात. तोवर बऱ्याच मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली होती, बस्स! सगळी यंत्रं पट्ट्यांनी चालवणारा छताखालचा लांब फिरता दांडा तोच, पट्टे तेच, यंत्रं दांड्याच्या सोयीने उभी. यंत्रागणिक छोटी मोटर आली, तेव्हा कुठे यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली.

एआय कंपन्यांच्या शेअरच्या भावात फुगा असेलही, पण तो वाद वेगळा.