शिडावर असताना गिअर ‘तटस्थ’ ठेवायचा की ‘मोकळा’?

तापीकाठ
जळगावात बसून समुद्रातल्या नौकेचं भाषांतर करतोय आणि एका शब्दावर अडलोय. शिडाच्या नौकेतल्या डिझेल इंजिनाची माहितीपुस्तिका आहे. वारा चांगला लागला की इंजिन बंद करून शिडावर जायचं. तेव्हा गिअरचा दांडा कुठे ठेवायचा, यावर एक अख्खं पान आहे. मी लिहिलं, ‘शिडावर असताना गिअर तटस्थ ठेवावा.’ काम देणाऱ्यांनी ते रत्नागिरीकडच्या एका तांडेलांना वाचायला दिलं. त्यांनी अर्थ लावला की नौकेला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा थांबवून ठेवायचा आहे. म्हणजे नेमकं उलटं! न्यूट्रलमधे इंजिन सुटं होतं आणि पाण्याच्या ओढीने पंखा फिरत राहतो. तो थांबवायचा तर रिव्हर्स टाकावा लागतो, मग बंद इंजिनच त्याला धरून ठेवतं. दुसरा शब्द सुचवा, शुक्रवारी काम द्यायचंय.

जुनी वही
तांडेलांचं काही चुकलेलं नाही. तटस्थ होणे म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी खिळणे, हा अर्थ मराठीत चांगला रुळलेला होता. माझी आजी अमळनेरला कीर्तन ऐकून आली की सांगायची, ‘सगळी मंडळी तटस्थ झाली.’ कुणी कुणाची बाजू घेतली नाही असं तिला म्हणायचं नसे, कुणी हललं नाही असं म्हणायचं असे. आणि मुळात तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. भर समुद्रातल्या नौकेला काठावरचा शब्द कशाला?

केळीबाग
आमच्या रावेरकडे याला शब्द आहे की. ‘मोकळी सोडणे.’ खरं तर ‘मोकयी’, कारण आमच्या तोंडी ळ चा य होतो. वडील केळीचा ट्रक चालवायचे. कन्नडचा घाट उतरताना क्लीनरला एकच गोष्ट बजावायचे, ‘गाडी मोकयी सोडू नको भो.’ डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे असायचे, आणि मग इंजिनाचा धर सुटून सगळा भार ब्रेकवर यायचा. तुमच्या होडीचंही तेच आहे ना? गिअर असला की इंजिन धरून ठेवतं, नसला की मोकळं. ‘मोकळा गिअर’ लिहा, कोकणातल्या माणसालाही कळेल.

वंगण
धुळ्यात वीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक ‘गिअर मोकळा झालाय’ म्हणतं तेव्हा दात झिजलेले असतात किंवा लिव्हर सैल झालेला असतो. ‘मोकळा’ हा आमच्याकडे बिघाडाचा शब्द आहे. सरळ ‘न्यूट्रल’ लिहा. रिक्षावाल्यापासून जेसीबीवाल्यापर्यंत एकालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

शुद्धमती
हीच सवय लागली असती तर आज आपण महापौरांना मेयर म्हणत असतो. तो शब्दही कुणीतरी घडवला आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना तो जडच गेला असणार. रसायनशास्त्रात आपण ‘उदासीनीकरण’ शिकलो की नाही? ‘उदासीन’ म्हणजे बाजूला बसलेला. इंजिन आणि पंखा यांपैकी कुणाशीच न जोडलेला तो उदासीन गिअर. अर्थ अगदी चपखल बसतो.

वंगण
ताई, खलाशी उदासीन हा शब्द वाचून रसायनशास्त्र आठवणार नाही, त्याला कुणीतरी खिन्न बसलेलं दिसेल. भर वाऱ्यात दांड्याला हात घालताना शब्द एका क्षणात कळायला हवा. महापौरपदाला तेवढी घाई नसते.

साक्रीकर
आमच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघा. वारा कमी असला की पाती सावकाश फिरत असतात, पण वीज तयार होत नाही. माझा भाचा तिथे कामाला आहे, तो म्हणतो ‘रिकामी फिरतेय’. दुरुस्तीला चढायचं असलं की म्हणतो ‘बांधली’. तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही अवस्था यात आल्या, पंखा रिकामा आणि पंखा बांधलेला. मात्र एक शंका. फिरता पंखा पाण्याला जास्त अडवत नाही का? मग बांधलेलाच बरा.

वंगण
पुष्कळांना तसं वाटतं. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात मोजमाप झालं आहे. साधा, न मिटणारा पंखा जखडला की तो मोकळा फिरण्यापेक्षा जास्त अडवतो. मिटणाऱ्या पंख्याचं वेगळं. तो थांबला तरच त्याची पाती मिटतात, म्हणून तिथे रिव्हर्स टाकतात. आणि तापीकाठ भाऊ, शब्दापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमची पुस्तिका नेमक्या कुठल्या गिअरबॉक्सची आहे ते बघा. काही हायड्रॉलिक गिअरबॉक्समधे तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. इंजिन बंद, पंखा फिरतोय, आत तेल पोचत नाही, असं तासन् तास चाललं तर बेअरिंग जातात. तिथे दांडा जखडायची वेगळी सोय लागते. काही कंपन्या न्यूट्रल किंवा रिव्हर्स दोन्ही चालवून घेतात, पण पुढच्या गिअरला सक्त मनाई करतात. हे पान भाषांतर करताना एक ‘नाही’ गाळला गेला तर हजारोंचा भुर्दंड बसेल.

तापीकाठ
गाळलेला नाही, दोनदा ताडून पाहिला. पण तुमच्या उत्तरात ‘दांडा’ म्हणजे पंख्याचा आस आणि माझ्या पानावर ‘दांडा’ म्हणजे हाताने हलवायचा लिव्हर. आता हेही निस्तरायला हवं! मजकुरात मी ‘दांडा मधोमध उभा ठेवा, पंखा फिरत राहील’ असं लिहून मोकळा होईन. अडचण दांड्याशेजारच्या पट्टीची आहे. तिथे एकच शब्द मावतो.

केळीबाग
बघा, ‘लिहून मोकळा होईन’ असं तुम्हीच म्हणालात. त्यात सैल किंवा झिजलेलं काही आहे का?

जुनी वही
काठाचा विषय निघालाय तर एक सांगते. तापीवर ‘तट’ कोण म्हणतं? काठ म्हणतात, नाहीतर थडी. ऐलथडी, पैलथडी. ही थडी तटापासूनच आली असं माझं ठाम मत आहे. म्हणजे तटस्थ खरं तर ‘थडीवरचा’.

शुद्धमती
त चा थ कसा झाला ते सांगा. नुसतं ऐकायला सारखं वाटतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

साक्रीकर
भीमथडी म्हणजे भीमेचा काठ, एवढं तरी सगळ्यांना मान्य ना? आणि तिथले घोडे म्हणजे भीमथडीची तट्टं. मग तट्टूसुद्धा तटावरचंच असेल.

जुनी वही
तट्टू नको हो यात ओढू. त्याचा तटाशी काही संबंध नाही. एकासाठी दुसरंही बुडवाल.

तापीकाठ
पट्टीवरचा शब्द राहिला. ‘न्यूट्रल’ला तीन मतं धरू का?

साक्रीकर
धरा. पण सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी घोडेबाजार बघतो, तोही तापीच्याच काठावर. तिथले जुने व्यापारी तट्टू कशाला म्हणतात आणि घोडा कशाला, हे दत्तजयंतीला गेलो की विचारून येतो.

केळीबाग
माझं मत धरू नका. मी ‘मोकळा’वरच आहे.