जुन्या गाडीचा राखाडी पडलेला बंपर, रंग टिकतच नाही – मदत हवी आहे

मंडळी, गाडी पंधरा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पत्र्याचा रंगही बरा. पण दोन्ही बंपर आणि दारांखालच्या काळ्या पट्ट्या उन्हाने पार राखाडी झाल्यात. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते.

आजवरचे माझे उद्योग: दोन वर्षं सिलिकॉनवालं पॉलिश चोपडलं. लावलं की गाडी नवीकोरी, दोन पाऊस झाले की ओघळ. मग हीट गनने गरम हवा मारली. काळेपणा वर आला खरा, पण काही महिन्यांत परत फिका, शिवाय एका कोपऱ्यात गन जरा रेंगाळली तिथली दाणेदार नक्षीच वितळली. शेवटी वैतागून साधा काळा स्प्रे मारला. परवा प्रेशरने धुताना तळहाताएवढा पापुद्रा सापाच्या कातेसारखा सुटून आला, खाली प्लास्टिक जसंच्या तसं!

बंपर काढला तर आतल्या बाजूला 'पीपी+ईपीडीएम-टी२०' असं उमटवलेलं दिसलं. आता उरलेला रंग कसा काढू? वेगळा प्रायमर लागतो का? आणि दाणेदार पोत जायला नको, गुळगुळीत बंपर मला बघवत नाही.

प्रतिसाद: पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला रंग सहजी धरत नाही. ईपीडीएम हे रबर, टी२० म्हणजे २० टक्के टाल्क (खनिजाची भुकटी). त्यात तुम्ही सिलिकॉन पाजलंय. ते राहिलं तर रंगात गोल खड्डे पडणार. म्हणून घासायच्या आधी साबणाने धुवा, मग सिलिकॉन काढणाऱ्या क्लीनरने पुसा, दर वेळी फडकं बदलून. आधी घासलंत तर ते ओरखड्यांत बसेल. सुटा रंग चिकटपट्टी दाबून खेचा, रिमूव्हर नको. घासायला करडं स्कॉच-ब्राइट. जाड पॉलिश पेपरने पीपीला लव सुटते आणि नक्षीही जाते. मग अ‍ॅडहीजन प्रमोटरचा, म्हणजे प्लास्टिकवर रंग धरून ठेवणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात. डब्यावर दिलेल्या वेळेतच त्यावर बंपरचा लवचीक रंग, तोही दोन-तीन पातळ हातांत. नक्षी बुजते ती एकाच जाड हाताने.

धागाकर्ता: म्हणजे प्रमोटर न लावल्याने सगळं गेलं तर! पट्टीने निम्मा रंग आत्ताच निघाला, घासावंही लागलं नाही. त्या वितळलेल्या कोपऱ्याचं काय?

प्रतिसाद: मूळ नक्षी परत येत नाही. टेक्स्चर स्प्रे मिळतो, पण आधी पुठ्ठ्यावर मारून दाणा जुळतो का बघा. माझा जुळला नव्हता. शेवटी तो भाग झाकायला नंबर प्लेटच चार बोटं सरकवली.