अजिंठा, अमृता आणि कानबाई
अजिंठ्याच्या चित्रांतली स्त्री पुरुषांच्याच नजरेतून उतरली, असं म्हणतात आणि ते मला पटतं. पण पुढचंही बघा. चित्रकार अमृता शेरगिल यांनी अजिंठा पाहिला आणि १९३७ मध्ये नववधूच्या शृंगाराचं चित्र रंगवलं. वधू अर्धी उघडी, तळहात रंगलेले, चेहऱ्यावर लग्नाचा आनंद मुळीच नाही. कुणाला मोह पाडायला ती बसलेलीच नाही!

आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडे श्रावणात कानबाई देवी घरोघरी बसते, तेव्हा नारळावर डोळे-नाक बसवून, नथ घालून देवीचा चेहरा घडवतात त्या बायाच ना? (माझ्या आजीने बसवलेले डोळे जागे वाटायचे.) कलेच्या चर्चेत त्यांना कुणी धरत नाही, याचा मला खरंच राग येतो. यंदा कानबाईचे फोटो काढाल तेव्हा घडवणारीचं नावही लिहून ठेवा.