मोठ्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालून द्यावेत का?

वडगाव, साडी-विक्रेता

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये, मोठ्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, पण त्याचा कायदा अजून झालेला नाही. तो व्हायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांवरच्या साड्या मी चार वर्षे एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरून विकतो आहे. गेल्या श्रावणात 1,450 रुपयांची साडी गेली. कमिशन, पाठवणी आणि जाहिरात कापून हाती 1,020 रुपये आले, आणि पंधरा दिवसांनी तीच साडी पदरावर हळदीचा डाग घेऊन परत आली, तेव्हा परतीचा खर्चही माझ्याच खात्यातून वळता झाला. हे सारे मी धंद्यातले नुकसान म्हणून सोसले. पण माझा जो काठ चांगला चालला होता, तसाच काठ आणि तीच रंगसंगती असलेली यंत्रमागाची साडी दोन महिन्यांत त्या बाजाराशी जोडलेल्या विक्रेत्याकडे 600 रुपयांना दिसू लागली, आणि शोधयादीत ती माझ्या साडीच्या वर होती. गिऱ्हाईक काय शोधते, कोणत्या किमतीला थांबते, हे मला कळत नाही. बाजार चालवणाऱ्याला सगळे कळते. स्वतःच्या मालाला झुकते माप देणे आणि विक्रेत्यांची माहिती त्यांच्याच विरुद्ध वापरणे, या दोन्ही गोष्टींना मसुद्यात मनाई आहे, आणि नियम मोडल्यास जगभरातील उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अनगोळ, लोणची व मसाले

काका, आपले दुःख मी समजू शकतो, पण निष्कर्ष मला पटत नाही. माझे वडील ठोक व्यापाऱ्यांना माल घालत आणि पैशांसाठी तीन-तीन महिने पेठेत खेटे घालत. आज पुण्यातली बाई रात्री लोणचे मागवते आणि ठरल्या दिवशी पैसे माझ्या खात्यात जमा होतात. हे ज्या व्यवस्थेमुळे जमले, तिच्यावर केवळ ती मोठी आहे म्हणून बंधने घालणे मला धोक्याचे वाटते. कोणत्या कंपनीला हे नियम लागू होतील, याचा मसुद्यातला एक निकष भारतातील 4,000 कोटींच्या उलाढालीचा आणि दुसरा 1 कोटी ग्राहकांचा आहे. त्यात उद्याच्या आपल्याच कंपन्या अडकतील, आणि त्यांनी काही गैर केले हे सिद्ध करण्याचीही गरज उरणार नाही. युरोपात असाच कायदा आहे. तिथे मेटा कंपनीचे थ्रेड्स हे समाजमाध्यम भारतात आल्यानंतर पाच महिन्यांनी, डिसेंबर 2023 मध्ये पोहोचले. शिवाय 2002 चा स्पर्धा कायदा दुबळा नाही. तो कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, आणि पुढच्याच जानेवारीत गुगलला भारतापुरते आपले नियम बदलावे लागले. आयोगाला माणसे आणि तंत्रज्ञ द्या, एवढे पुरे.

खानापूर, कायद्याची विद्यार्थिनी

दादा, दंडाचा आकडा आपण सांगितलात, पण तारखा वगळल्यात. त्या प्रकरणात आयोगाने चौकशीचा आदेश एप्रिल 2019 मध्ये दिला होता, म्हणजे निर्णयाला साडेतीन वर्षे लागली. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्याविरुद्ध जानेवारी 2020 मध्ये चौकशीचा आदेश निघाला, फेब्रुवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर वाट मोकळी झाली. म्हणजे दीड वर्ष केवळ चौकशी व्हावी की नाही यावरच गेले. एवढ्या काळात विणकर माग विकून गवंड्याच्या हाताखाली जातो. प्रश्न आयोगाच्या बळापेक्षा पद्धतीचा आहे, कारण जुन्या कायद्यात आधी बाजार कोणता ते ठरवायचे, मग वर्चस्व, मग गैरवापर, आणि प्रत्येक पायरीवर कंपनीचे वकील उभे असतात. वित्तविषयक संसदीय स्थायी समितीनेही डिसेंबर 2022 च्या अहवालात नियम आधीच असावेत, अशी शिफारस केली होती. उलाढालीची मर्यादा वाढवावी, हे मात्र मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. आपल्याकडे मागावर बसणारी माणसे मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात, पण त्यांच्या नावावर होणारा विक्रेत्याचा करार इंग्रजीत असतो आणि तो न वाचताच मान्य केला जातो. विक्रेत्याने निवडलेल्या भाषेत करार देणे बंधनकारक केले, तर काकांना कमिशनचे कलम साडी परत येण्यापूर्वीच कळले असते.

अनगोळ, लोणची व मसाले

तारखा मान्य आहेत. पण जी न्यायालये चौकशीला स्थगिती देऊ शकतात, ती नव्या कायद्याखालच्या आदेशालाही देतील. तिथे वेळ कसा वाचेल?

वडगाव, साडी-विक्रेता

वाचेल, कारण वादाचा मुद्दाच लहान होईल. बाजार कोणता आणि वर्चस्व किती यावर वर्षे घालवण्याऐवजी, स्वतःच्या साडीला वर आणले की नाही, एवढेच तपासायचे असेल. आणि दादा, आपलेच लोणचे उद्या कोणी त्याच बाटलीत, त्याच चवीचे, वरच्या रांगेत मांडले तर?

अनगोळ, लोणची व मसाले

तशी वेळ आली तर मीही तक्रार करीन. माझ्या गिऱ्हाइकांची माहिती मला मिळावी आणि ती माझ्याविरुद्ध वापरली जाऊ नये, एवढ्या कलमापुरता मी आपल्या बाजूला आहे. केवळ आकारावरून बंधने घालण्याला माझा विरोध मात्र कायम आहे.