मदत हवी आहे: पाचगणीच्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटची जुनी कागदपत्रं

१८९५ साली डॉटर्स ऑफ द क्रॉसच्या सिस्टरांनी सुरू केलेल्या या शाळेचा इतिहास लिहायला घेतलाय. सातारा थेट इंग्रजी अमलाखाली होता, सांगलीसारखं संस्थान नव्हतं. त्यामुळे अनुदानाचा आणि तपासणीचा पत्रव्यवहार मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याच्या दप्तरात शोधायला हवा. पुणे धर्मप्रांत १८८६चा, म्हणून चर्चची बाजू पुण्याकडे. ही दप्तरं कुणी चाळली आहेत का? शोध कोणत्या वर्षांपासून सुरू करावा?

जुने वर्गफोटो कुणाकडे असतील तर कृपया लॅमिनेट करू नका, सेलोटेपही नको. डिंकाचे डाग निघत नाहीत. फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात, मागची बाजूसुद्धा टिपा. साल आणि स्टुडिओचा शिक्का बहुतेकदा तिथेच असतो.