जुना डेस्कटॉप चालू होत नाही, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला की मदरबोर्ड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात साखळीजवळच्या एका गावात राहतो. घरी २००९ साली घेतलेला असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची साटा हार्डडिस्क, विंडोज एक्सपी.

"नवा घ्या" एवढंच कृपया सांगू नका. या मशीनमध्ये माझ्या वडिलांनी टाइप केलेल्या घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरत्या, आहेत. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं ते वाड्यावाड्यांवर जाऊन जुन्या जाणत्यांकडून आरत्या उतरवून घेत होते. कुठलं कडवं कोण कसं म्हणतो, घुमट कुठे थांबतं, शामेळ (साथीचं चर्मवाद्य) कुठे उचलायचं, हे सगळं समासात लिहिलेलं. दोनशेच्या वर आहेत. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत आणि बाबाही गेल्या वर्षी गेले. छापून काढलेली एकच वही होती, ती गळतीत भिजून पानं एकमेकांना चिकटली. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे आणि आरतीला बसणारी मुलं रोज विचारतात.

झालं असं. आठ दिवसांपूर्वी रात्री पाऊस-वारा होता, लाइट चार-पाच वेळा गेली-आली. यूपीएसची बॅटरी बसलेली होती, ती बदलायची राहून गेली याचं फार वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पंखे सेकंदभर फिरले, थांबले, परत फिरले. तेव्हापासून हेच चालू आहे. बीप नाही, स्क्रीन काळी. मॉनिटर लॅपटॉपला लावून पाहिला, तो ठीक आहे.

रॅम काढून खोडरबरने पट्ट्या पुसल्या, दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिली. बटणसेल २.६ व्होल्ट दाखवत होता, नवा घातला. फरक नाही. मग एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवून २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडली. पंखा फिरला, पिवळ्या वायरवर १२ च्या जवळपास, ११.९ व्होल्ट आले. म्हटलं, सुटलो. पण बोर्डाला जोडल्यावर तीच पिवळी १०.४ पर्यंत खाली येते आणि सगळं बंद पडतं. प्रोसेसरजवळचा ४ पिनचा कनेक्टर काढला की मात्र पंखे थांबत नाहीत, फिरतच राहतात.

म्हणजे भार पडला की एसएमपीएस दम सोडतो, की प्रोसेसरच्या बाजूला बोर्डच जास्त करंट खेचतोय? इथे माझी अक्कल थांबते. टॉर्च धरून पाहिलं तर प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) फुगलेत. डोक्यावरची फुलीची खाच वर उचललेली आणि एकाच्या कडेला तपकिरी खपली. वर ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड लिहिलंय. कॅबिनेटच्या मागचे स्क्रू गंजलेत, आमच्याकडच्या पावसाळी हवेत ते होतंच. नवा एसएमपीएस आणून अशा बोर्डाला लावला तर तोही जाईल का? आणि कपॅसिटर बदलायचे तर कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) लागतात असं वाचलं, ते म्हापसा-पणजीत मिळतात का? साधे घालून चालतील का?

सगळ्यात मोठी धास्ती हार्डडिस्कची. म्हापशाच्या एका दुकानात ती यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडली, फिरल्याचा आवाजच आला नाही. "डिस्क गेली" म्हणाले. घरी येईपर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो होतो.

दोन दिवसांनंतर भर घालतोय.

ज्यांनी "वायर कसली होती?" असं विचारलं त्यांचे हात जोडून आभार. ती लॅपटॉपच्या लहान डिस्कची वायर होती. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. वेगळा अडॅप्टर असलेली वायर आणली, लावली, आणि डिस्क घरघरली. बाबांचा फोल्डर जसाच्या तसा आहे. पहिल्यांदा दोन पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली, मग चहा प्यायलो.

आता अडचण वेगळी. फाइल उघडते, पण देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. बाबा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेल्या. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट उचलून लॅपटॉपवर टाकला तर अक्षरं दिसतात, मात्र काही जोडाक्षरं तुटतात, 'र्‍ह' आणि 'द्ध' तर हमखास. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना कुणी स्वतः केलं असेल तर कसं केलं ते सांगा. एकेक ओळ तपासायची माझी तयारी आहे.

बोर्डाचा प्रश्नही सोडलेला नाही. बाबा ज्या मशीनवर बसायचे ते चालू झालेलं आईला बघायचं आहे.